लाल मोटार वेशीबाहेर

पत्र बाळबोध लिपीत होतं आणि मजकूर जेमतेम चार ओळींचा. "आमच्या गोठ्यात यजमानांची शर्यतीची मोटार सात वर्षं उभी आहे. ती आपल्या पायानं चालू लागली तर मला गाव सोडता येईल. अक्षय्य तृतीयेच्या आत एखादा जाणता मिस्त्री पाठवावा." खाली एका बाईची सही.

नगरच्या आमच्या मोटार कारखान्यात मालकांनी ते मोठ्यानं वाचलं, तेव्हा सगळे हसले. मला हसू आलं नाही. आठ वर्षं मी लॉऱ्या आणि उतारूंच्या सर्व्हिस मोटारी उघडत आलो होतो. शर्यतीची मोटार फक्त छापील चित्रात पाहिली होती. "मी जातो," म्हणालो. मालकांनी आठ दिवसांची रजा दिली, चार जुने टायर दिले, आणि "निजामाच्या मोगलाईत जातोयस, कुणाशी वाद घालू नकोस," असा सल्लाही दिला.

परत आल्यापासून जो भेटतो तो हकीकत विचारतो. एकेकाला सांगून दमलो, म्हणून एकदाची लिहून काढतो. गावाचं नाव तेवढं देत नाही. बाईंनी तशी अट घातली आहे. नेकनूरपासून केजच्या वाटेला लागलं की तीन कोसांवर ते आहे, एवढं पुरे.

नेकनूरपर्यंत

सर्व्हिस मोटारीच्या टपावर माझे टायर आणि मांडीवर हत्यारांचं पोतं, अशा थाटात मी बीडला उतरलो. तिथं पेट्रोलचे डबे घेतले आणि नेकनूरपर्यंत टांगा केला. मांजरसुंब्याचा घाट आला, तेव्हा टांगेवाल्यानं घोड्याची दया येऊन मला खाली उतरवलं. टायर मात्र टांग्यातच बसून वर गेले. चैत्र सरत आला होता, ऊन कडक होतं. घाट चढून आलो की माथ्यावर सपाट काळं रान लागतं, पीक निघालेलं, नांगरून टाकलेलं. आमच्या नगरकडंही रान असंच उघडं पडतं, पण ढेकळांचा इतका काळा रंग मी तिकडं पाहिला नव्हता.

नेकनूरला चहा पीत असताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, "टायर घिऊन कुठं चाललाव?"

मी गाव सांगितलं, काम सांगितलं.

"आबा देशमुखाची मोटार?" तो म्हणाला. "आवो, तिच्यात आता कोंबड्या बसत्यात."

पुढचे तीन कोस बैलगाडीनं गेलो. ते मी झोपेत काढले.

ओसरी आणि गोठा

आबा म्हणजे पत्र लिहिणाऱ्या बाईंचे यजमान. सात वर्षांपूर्वी ते तापानं वारले. घरात आता थोरले भाऊ दादासाहेब कर्ते. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी माझ्याकडं आणि टायरांकडं एकेकदा पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हणं, आधी जेवा."

जेवण ओसरीवर. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, बुक्कीनं फोडलेला कांदा. येसर म्हणजे भाजक्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, ते उकळत्या पाण्यात सोडून आमटी करतात. आमच्याकडं बाजरी. ज्वारीची भाकरी मला पहिल्या दिवशी मवाळ वाटली, तिसऱ्या दिवशी तिच्यावाचून जेवल्यासारखं वाटेना.

हात धुताना दादासाहेब म्हणाले, "मिस्तरी, खरं काय ते सांगून टाकतो. धाकल्या बाईला नगरला जायचंय. तिथल्या दवाखान्यात बाळंतपणं करायची शिकवत्यात म्हणं. देशमुखाच्या घरची बाई हे काम करणार? मी न्हाई म्हणालो. त्या ऐकंनात, दाराआडून निरोप धाडीत राहिल्या. मग पाच माणसांम्होरं बोलून गेलो, आबाची मोटार ज्या दिवशी आपल्या पायानं वेशीबाहेर जाईल, त्या दिवशी तुमीबी जा."

"आणि त्यांनी ते खरं धरलं," मी म्हणालो.

"ते न्हाई म्हणायची एक रीत हाय. पण शबूद तोंडातून गेला. आखितीपावतर थांबतो. मग त्या जागंत कडबा भरायचाय. मोटार मोडून लोखंड काढतो."

अक्षय्य तृतीयेला तिकडं आखिती म्हणतात. ती पाच दिवसांवर होती.

बाईंशी बोलणं झालं ते दाराआडून. त्या घरात गोषा होता. थोरल्या दिरासमोर तर त्यांचा आवाजही निघत नसे. दादासाहेब मळ्यात गेल्यावर दाराच्या फळीमागून त्या म्हणाल्या, "मिस्त्री, मोटार बघा आणि खरं सांगा. मला आशा लावू नका."

"बघतो. पण तुम्हाला बैलगाडीनं जाता आलं नसतं का? पाहुणी म्हणून निघायचं, नगरला पोचायचं."

"पळून गेले असं होईल. मला पळून जायचं नाही." त्या पुढं म्हणाल्या, "थोरल्या जाऊबाई बाळंतपणात गेल्या. बाळ आडवं आलं होतं. दोन दिवस चाललं ते. गावची सुईण हात जोडून बसली. मी उशाशी होते आणि मला काही येत नव्हतं. मला शिकून इथंच परत यायचंय. म्हणून समद्यांच्या देखत जायचंय."

थोरल्या जाऊबाई म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी. हे कळल्यावर ओसरीवरचा तो गप्प माणूस मला वेगळा दिसायला लागला.

मोटार गोठ्याच्या पार टोकाला होती. मी वरचं पोतं ओढलं आणि खालीच बसलो. लांब नाक, दोनच माणसांची बैठक, दारं नाहीत, पितळी दिवे हिरवे पडलेले, गियरची आणि ब्रेकची दांडी उजव्या अंगाला बाहेर. चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या आधीची बांधणी. आबांनी ती सिकंदराबादच्या एका गोऱ्या साहेबाकडून आणली होती, आणि त्या साहेबानं ती खरोखर शर्यतीत पळवली होती. लाल रंग धुळीखाली अजून जिवंत होता. चालकाच्या जागेवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिनं मला टोचलं.

कोंबडीला अंड्यांसकट पाटीत घालून हलवलं आणि इंजिनाला हँडल लावलं. ते हललं नाही. दोन्ही पाय रोवून जोर लावला, तरी केसभरही नाही.

दारापाशी जाऊन मी सांगितलं, "इंजिन आत चिकटलंय. टायर कुजलेत, ते मी आणलेत. बाकी उघडल्यावर कळेल."

"चालेल का?"

"अजून नाही म्हणालो नाही."

मोटेचं चामडं

पुढचे दोन दिवस मी गोठ्यातून फक्त जेवायला बाहेर आलो. इंजिनाची वरची झाकणं काढून आत रॉकेल आणि करडईचं तेल ओतलं आणि भिजू दिलं. धुराच्या नळीतून उंदराचं घरटं निघालं, त्यात आबांच्या कुठल्या तरी रेशमी रुमालाच्या चिंध्या होत्या. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो ओलसर झाला होता. तो खोलून, पुसून भर उन्हात पत्र्यावर ठेवला. त्या उन्हाला नावं ठेवत मी तिथवर आलो होतो, पण दुपारपर्यंत ठिणगी पडायला लागली तेव्हा सगळे शब्द मागं घेतले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मागचं एक चाक उचलून, गियर टाकून मी त्या चाकाला लोंबकळलो. आत कुठंतरी टक् झालं आणि चाक बोटभर फिरलं. मी पुन्हा लोंबकळलो. संध्याकाळी इंजिन हँडलनं फिरत होतं. दादासाहेब दारातून बघून गेले.

तिसऱ्या दिवशी मोठी अडचण निघाली. या जुन्या मोटारींच्या क्लचमध्ये एक लोखंडी वाटी दुसरीत बसते आणि मधे चामड्याचा पट्टा असतो. ते चामडं धरून राहिलं तरच इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. आदल्या दिवशी चाकाला लोंबकळलो तेव्हा त्यानं शेवटचं धरलं असावं; आता मी बोट लावताच त्या चामड्याचा भुगा झाला. नगरहून नवं मागवायला वेळ नव्हता, आणि नगरला तरी ते कुठं मिळणार होतं.

मी दारापाशी जाऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, "लिंबाजीला बोलवते. मोटा तोच शिवतो."

लिंबाजी चांभार साठीचा होता. विहिरीचं पाणी उपसायच्या चामडी मोटा अख्ख्या शिवारात त्याच्याच हातच्या. तो ओसरीला वळसा घालून गोठ्यात आला, उकिडवा बसला आणि ती वाटी हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला.

"हिच्यात काय पानी उपसायचं हाय?" त्यानं विचारलं.

मी सगळं समजावलं. त्यानं भुगा झालेला तुकडा हुंगला. "ह्ये बैलाचं हाय, पातळ. मी म्हशीचं घालतो. मोटंचं चामडं रोज भिजतं, रोज वाळतं, तरी बारा म्हैने जातं. मोट काय न् मोटार काय."

दीड दिवस तो त्या पट्ट्यावर बसला होता. वाटी उतरती होती, त्यामुळं सरळ पट्टा बसत नव्हता, कमानीसारखा कापावा लागत होता. पहिला आखूड पडला. दुसरा सैल बसला. मी म्हणालो, चालून जाईल. लिंबाजीनं तो काढून फेकला.

"चालून जाईल म्हनून चालत न्हाई, मिस्तरी. बाईला अर्ध्या वाटंत उतरावं लागलं तर लोक काय म्हनतील?"

"तुम्हाला एवढं का वाटतं त्यांचं?"

तो आरीला मेण लावत होता. "आमच्या घरातल्याबी दोघी गेल्यात तशाच," तो म्हणाला. "त्यात येक माजी लेक."

तिसरा पट्टा असा बसला की मला नखही घालता येईना. लिंबाजीनं तो एरंडेलानं मऊ केला आणि तांब्याच्या रिबिटांनी ठोकला.

आखितीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पेट्रोल भरलं, हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. असा आवाज त्या गावानं सात वर्षांत ऐकला नव्हता. बैलांनी दावी ताणली, कोंबड्या आढ्यावर चढल्या आणि गोठ्याच्या दारात माणसांची भिंत उभी राहिली. मी तेल नीट करायला इंजिन बंद केलं आणि पुन्हा हँडलला हात घातला.

इथं माझी चूक झाली. ठिणगी लवकर-उशिरा पाडणारी एक दांडी असते. इंजिन सुरू करताना ती मागं घ्यायची असते. आनंदात मी ती विसरलो. हँडल उलटं फिरलं आणि माझ्या उजव्या मनगटावर बसलं. घटकाभरात मनगट कोपराएवढं सुजलं.

तेव्हा बाई दारातून बाहेर आल्या. माणसांच्या देखत, डोक्यावर पदर घेऊन, हातात आंबेहळदीची वाटी. तिशी-पस्तिशीच्या, काटक, उन्हात डोळे बारीक केलेल्या. त्यांनी लेप लावला, धडपा बांधला आणि माझी बोटं एकेक करून हलवून पाहिली.

"या हातानं मोटार चालवता येईल?"

"नाही," मी म्हणालो. गियर उजव्या हाताचा होता. तो हात तर पेला उचलायच्याही कामाचा नव्हता.

"तुमी तोंडानं सांगा. मी चालवते."

"तुम्ही कधी—"

"यजमानांनी दोनदा शिकवली होती, मळ्यात. दोन्ही वेळा बांधावर गेली." त्या हसल्या नाहीत. "यावेळी बांध नाही, रस्ता आहे."

दिवेलागणीपर्यंत त्या बंद मोटारीत बसून मी सांगेन तसं करत होत्या. पाय दाबा, दांडी ओढा, पाय सोडा. शंभरदा चुकल्या असतील. एकदाही "राहू दे" म्हणाल्या नाहीत.

आखिती

गोठ्यापासून वेस दोनशे पावलं, शेवटचा थोडा चढ. सकाळी अख्खा गाव दोन्ही बाजूंना उभा होता. वेशीच्या ओट्यावर दादासाहेब आणि ते पाच जण, ज्यांच्यासमोर शब्द गेला होता.

लिंबाजीनं हँडल मारलं, ठिणगीची दांडी मी स्वतः धरली. बाई चालकाच्या जागी, मी डाव्या हाताला, मागं त्यांची एक ट्रंक आणि पाण्याची घागर. पहिला गियर कर्कश आवाज करून पडला. मोटार हलली. बायका उंबऱ्यांतून बाहेर आल्या. बाईंचा पदर मागं उडाला तो त्यांनी सावरला नाही, कारण हात मोकळे नव्हते.

चढावर आलो आणि इंजिन घोंघावू लागलं, चाकं मात्र थांबली. एरंडेल जास्त झालं होतं, नवं चामडं घसरत होतं. मागं सरकायला लागलो, बाईंनी ब्रेक ओढला. गडबडीत इंजिनही बंद पडलं. वेस वीस पावलांवर होती.

गर्दीतून सात-आठ गडी पुढं धावले. एकानं मागं हात लावलासुद्धा.

"हात लावू नका," दादासाहेब ओट्यावरून म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण गडी जागच्या जागी थांबले. "कुणीबी हात लावायचा न्हाई."

माझा संताप झाला. वीस पावलांसाठी हा माणूस असा अडून बसला, असं मला वाटलं. मग बाईंकडं पाहिलं. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "बरोबर आहे. ढकलली तर ती आपल्या पायानं गेली नाही. उद्या कुणीही म्हणेल."

लिंबाजी तोवर पालथा पडून पायाखालची फळी उचकटत होता. "राख," तो ओरडला, "चुलीतली राख आना कुनीतरी." एका म्हातारीनं सूपभर आणली. मूठ-मूठ राख त्यानं चामड्यावर मारली, तेल पुसून निघालं. मग हँडलला हात घातला.

"आता सावकाश पाय सोडा," मी म्हणालो. "अगदी सावकाश."

चामड्यानं धरलं. मोटार एकदा थरथरली आणि चढ चढून वेशीच्या कमानीखालून बाहेर आली. बाईंनी पन्नास पावलांवर नेऊन ती उभी केली. इंजिन चालू ठेवलं.

दादासाहेब एकटेच चालत आले. बाईंनी पदर पुढं ओढला. ते त्यांच्याकडं न बघता रस्त्याकडं बघत उभे राहिले.

"धाकल्या बाई," ते म्हणाले, "मांजरसुंब्याच्या अलीकडं वाईट वळण हाय. आबा तिथं हळू घ्यायचा. तुमीबी घ्या."

"घेते," बाई म्हणाल्या. सोळा वर्षांच्या संसारात थोरल्या दिराशी त्या समोरासमोर बोललेला हा पहिला शब्द, असं त्यांनी मला पुढं सांगितलं.

लिंबागणेश ते नगर

वाईट वळण त्यांनी इतकं हळू घेतलं की एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. त्यानंतर मात्र हात बसला. लिंबागणेशच्या अलीकडं सरळ रस्ता लागला, तिथं तिसरा गियर पडला आणि ती मोटार मुळात कशासाठी बांधली होती ते मला कळलं. वारा तोंडावर आपटत होता. मी "हळू" म्हणालो. त्यांना ऐकू आलं नसावं.

लिंबागणेशला रेडिएटर उकळला. विहिरीवरच्या बायांनी पाणी दिलं आणि मोटारीभोवती गोळा झाल्या. एकीनं विचारलं, "बाई, तुमी कावून चालविता? ह्यो गडी कशाला हाय मग?"

"त्याचा हात दुखतोय," बाई म्हणाल्या. सगळ्यांना ते पटलं. देवळात जाऊन त्यांनी गणपतीला हात जोडले, दोन कैऱ्या घेतल्या आणि आम्ही निघालो.

पाटोद्याच्या पुढं एक टायर फुटला. एका हातानं चाक काढायला मला जमेना. बाईंनी काढलं आणि ठिगळ लावून पुन्हा बसवलं, मी सांगत होतो तसं. त्यात ऊन पार डोक्यावर आलं.

जामखेडच्या भागात निजामाच्या आणि इंग्रजांच्या हद्दी दाण्यात खडे मिसळावेत तशा मिसळल्या आहेत, पण पहिला करोडगिरीचा नाका त्याच्या अलीकडंच. मालावरची जकात बघणारे एक वृद्ध मियाँसाहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"मोटर किस की है?"

"माझी," बाई म्हणाल्या.

"चलाती बी तुमीच?"

"हो."

ते उठून मोटारीभोवती फिरले, लाल पत्र्यावरून हात फिरवला, ट्रंक उघडायला लावली. आत तीन लुगडी, एक पाटी, एक पुस्तक. त्यांनी ट्रंक स्वतः बंद केली. "आहिस्ता जाव, अम्मा," म्हणाले आणि आडवा बांबू वर केला.

नगरला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दवाखान्याच्या फाटकात बाईंनी इंजिन बंद केलं. सुकाणूच्या चाकावरचा उजवा हात मात्र सुटेना. बोटं आखडली होती, ती त्यांनी दुसऱ्या हातानं एकेक करून उलगडली.

आत एक जाडजूड मेट्रनबाई होत्या. त्यांनी बाईंनी पुढं केलेला दवाखान्याच्या बोलावण्याचा कागद पाहिला, मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "शिकायला येणाऱ्या बाईबरोबर घरचं जबाबदार माणूस लागतं. यांना तुम्ही घेऊन आलात का?"

मी तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या, "नाही. मी यांना घेऊन आले. आधी यांचा हात बघा, काल दुपारपासून तसाच आहे."

मेट्रनबाईंनी फाटकातल्या मोटारीकडं पाहिलं, मग बाईंच्या राखेनं आणि तेलानं माखलेल्या लुगड्याकडं. कागद ठेवून घेतला. डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी धडपा सोडला, मनगट दाबून पाहिलं आणि हाड मोडलंय म्हणाल्या. ते ओढून बसवायला कोपर घट्ट धरणारं कुणीतरी हवं होतं.

"मी धरते," बाई म्हणाल्या. "कसं धरायचं ते दाखवा."

त्यांना दाखवलं. हाड बसलं तेव्हा मी ओरडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. बाईंची पकड शेवटपर्यंत ढिली पडली नाही, आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. त्या डॉक्टरीणबाईंच्या हातांकडं बघत होत्या.